तरुण आई गेली तर चर्चच्या मंडळीने काय करायचं: मातीच्या दिवसापासून पहिल्या वर्षापर्यंत

राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यात गावोगाव ख्रिस्ती वस्त्या आहेत. कुठे पंधरा घरं, कुठे पन्नास, एक लहानसं चर्च आणि चार गावांना मिळून एक पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू. म्हातारं माणूस गेलं तर इथे कुणाला काही विचारावं लागत नाही. शवपेटी कोण करणार, कबर कोण खांदणार, भजनाला हार्मोनियमवर कोण बसणार, सगळं ठरलेलं असतं. पण तीस-बत्तीसची बाई दोन-तीन लेकरं मागे ठेवून जाते तेव्हा तीच माणसं गांगरतात.

मातीचा दिवस तरीही निभावतो, कारण त्या दिवशी माणसांची कमी नसते. घर उघडं पडतं ते पंधरा-वीस दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर. म्हणून इथे नंतरच्या वर्षाबद्दल जरा जास्त लिहिलं आहे. मी प्रोटेस्टंट मंडळीतल्या महिला मंडळात काम करते, त्यामुळे क्रम तिथला आहे. कॅथलिक घरांत मिस्सा, सातव्या दिवसाची आणि महिन्याची प्रार्थना हे वेगळं असतं, बाकी घरचे प्रश्न तेच.

पहिले काही तास: दोन माणसं वेगळी काढा

बातमी आली की सगळे अंगणात जमतात आणि कामाला कुणीच नसतं. मंडळीच्या पंचांनी लगेच दोन माणसं नेमावीत. एक कागदांसाठी, एक लेकरांसाठी. नवऱ्याला या दोन्हींतून मोकळं ठेवा.

कागदवाल्याने आधी हे बघायचं की मृत्यू कुठे झाला. दवाखान्यात झाला असेल तर मृत्यूची नोंद त्या गावच्या किंवा शहराच्या निबंधकाकडे होते, आपल्या ग्रामपंचायतीत नाही. ती कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते, पण नाव, वय, आधारवरचं स्पेलिंग हे तिथेच तपासून घ्या. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असा घोळ बायकांच्या बाबतीत हमखास असतो आणि पुढे विम्याला तोच आडवा येतो. घरी मृत्यू झाला असेल तर नोंद आपल्या गावात, २१ दिवसांच्या आत. तोवर ती मोफत होते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरावं लागतं, ३० दिवसांनंतर वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. चर्चच्या दफन नोंदवहीतला उतारा वेगळा. तोही घ्या, पण सरकारी दाखल्याच्या जागी तो चालत नाही.

साप चावला, विहिरीत पाय घसरला, भाजली, विषारी औषध पोटात गेलं, गाडीचा अपघात झाला, यातलं काहीही असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदनाशिवाय माती करायची नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यावरून अंगणात भांडणं झालेली पाहिली आहेत. लग्नाला सात वर्षं पुरी झालेली नसतील आणि बाईने आत्महत्या केली असेल, मृत्यूबद्दल संशय असेल किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलिसांना चौकशी करावी लागते. हा कायदा आहे. माहेरच्यांनी मागणी केली म्हणून सासरच्यांनी अपमान मानू नये, आणि ‘आपण देवाची माणसं, पोलीस कशाला’ असं म्हणून पंचांनी त्यांना गप्प बसवू नये. लेक गेलेल्या आईबापाला उत्तर मिळायला हवं.

माहेर येईपर्यंत पेटीला खिळा नाही

पुण्याहून, मुंबईहून भाऊ निघालेला असतो आणि इकडे कुणीतरी घाई करतं, ऊन झालं, पाऊस येईल. बर्फ मागवा, तालुक्यातून शवपेटीचा फ्रीज भाड्याने आणा, पण थांबा. आईने लेकीचं तोंड बघितलं नाही ही गोष्ट दोन्ही घरांत पुढची वीस वर्षं निघत राहते.

अंघोळ घालायला आणि साडी नेसवायला तिच्या आईला किंवा बहिणीला सोबत घ्या. साडी माहेरची असते, ती आणू द्या. आपल्या नात्यांत हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती सगळे असतात आणि नवऱ्याआधी गेली म्हणून कुणी मावशी हिरव्या बांगड्या आणि कुंकू घेऊन येते. पाळकसाहेब नको म्हणतात, मावशी रडते, आणि भलत्याच वेळी वाद पेटतो. हे मृतदेहाजवळ ठरवायचं नाही. घरातल्या मोठ्या बाईने मावशीला बाजूला घेऊन बोलावं. माझं मत विचाराल तर बांगड्यांवरून कुणाला रडवू नये. कुंकू नको असेल तर ते प्रेमाने सांगता येतं.

बाळंतपणात गेलेल्या बाईचं अंग धुताना रक्तस्राव होऊ शकतो. हातमोजे, जुनी सुती लुगडी, प्लास्टिकचा कागद जवळ ठेवा आणि ते काम जाणत्या बायकांनीच करावं. कोवळ्या पोरींना तिथे उभं करू नका.

आणि फोन. मुखदर्शनाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. थोरली मुलगी दहा वर्षांची झाली की तिच्या हातात कुणाचा तरी मोबाइल येतो, आणि तो फोटो तेव्हाही तिथेच असतो.

लेकरांना कोण सांगणार, काय सांगणार

हे काम बापाने करावं. तो बोलूच शकत नसेल तर आजी, मावशी, कुणीही, पण लेकरू ज्याच्या मांडीवर निर्धास्त बसतं असं माणूस. सांगायचं ते साधं: आई वारली. तिचं शरीर थांबलं. ती परत येणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही.

आपण मंडळीत ‘प्रभूमध्ये निजली’ म्हणतो. मोठ्यांना त्यात आधार आहे, पण चार वर्षांचं पोर रात्री डोळे मिटायला घाबरतं. ‘देवाला आवडली म्हणून नेली’ हे तर त्याहून वाईट, कारण मग त्या लेकराचं देवाशी वैर सुरू होतं आणि ते आजारी पडलं की त्याला वाटतं आता आपण आवडलो. स्वर्गाबद्दल जरूर बोला, पुनरुत्थानाबद्दल बोला, पण ‘वारली’ हे आधी सांगून झाल्यावर.

लेकरांना मातीला न्यायचं का? पाच-सहा वर्षांपुढच्याला विचारा. यायचं म्हणालं तर न्या, आणि पेटी खाली सोडतात, वरून माती टाकतात हे आधीच सांगून ठेवा. एक माणूस फक्त त्याच्यासाठी असू द्या, जो मध्येच त्याला घेऊन घरी येऊ शकेल. नको म्हणालं तर जबरदस्ती नाही. पेटीवरून ओलांडून पोर पलीकडे देण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो, तो बंद करा. पोर बिथरतं.

पेटी आणि कबर

सुताराला माप देताना उंचीपेक्षा चार-सहा इंच जास्त लांबी आणि खांद्यांची रुंदी नीट सांगा. आतून पांढरं कापड, बाहेरून काळं किंवा पांढरं, वर फितीचा क्रूस. सुताराला लागणाऱ्या तीन-चार तासांत कबर खांदून होते. उतरवायला जाड दोर दोन नकोत, तीन लागतात: डोक्याकडे, कमरेला आणि पायाकडे. दोर धरणारे सहा जण आधीच ठरवा आणि त्यांना एकदा रिकाम्या पेटीवर करून बघू द्या. तरुण बाईच्या मातीला दोर धरणारे बहुतेक तिचे दीर-भाऊ असतात, हात थरथरतात, पेटी एका बाजूला कलते आणि किंकाळी फुटते.

आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात कबरीच्या कडा ढासळतात, तळाला पाणी झिरपतं. वरून ताडपत्री बांधा, काठावर फळ्या टाका आणि गर्दीला दोन हात लांब ठेवा. खोली पाच-सहा फूट घ्या. दफनभूमीच्या जागेवरून गावात वाद असेल तर त्या दिवशी वाद घालू नका, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना सकाळीच कल्पना द्या. सातबाऱ्यावर ती जागा कुणाच्या नावे आहे हे मात्र पंचांनी एरवीच्या दिवसांत बघून ठेवायला हवं. मयताच्या दिवशी तलाठी सापडत नाही.

पाळकसाहेबांसाठी थोडं

उघड्या कबरीपुढे पाऊण तास पश्चात्तापाचं भाषण देण्याची सवय काही पाळकांना आहे. गावातले सगळ्या धर्मांचे लोक जमलेले असतात, संधी वाटते. पण समोर तिचं पोर उभं असतं. दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली.

वचनं निवडताना एक सुचवते. बायबलमध्येही एक तरुण आई वाटेतच जाते. उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायात राहेल बाळंतपणात मरते, मरतामरता मुलाला बेनओनी म्हणते, माझ्या दुःखाचा पुत्र. बाप ते नाव बदलून बन्यामीन ठेवतो. आई बाळंतपणात गेलेल्या घरात हे वाचाच, कारण अशा घरात कुणीतरी तान्ह्याकडे बोट दाखवून ‘आईला खाल्लं’ म्हणतं. त्याला सर्वांसमोर उत्तर द्यायची जागा हीच. योहान ११:३५ मध्ये येशू स्वतः रडला, तेव्हा ‘रडू नका, विश्वास कमी पडतो’ असं कुणालाही सांगू नका. ८८वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तेही पवित्र शास्त्रातच आहे.

सांत्वन सभेला प्रेषितांची कृत्ये ९:३९ घ्या. टबीथा नावाची शिष्या गेल्यावर विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे दाखवतात. तसंच करा. ‘फार मनमिळाऊ होती’ असं दहा जणांनी म्हणण्यापेक्षा एकीने सांगावं की तिने बचत गटाचा हिशेब कसा नीट ठेवला होता, दुसरीने सांगावं की माझ्या बाळंतपणात रोज डिंकाची पेज तिने आणून दिली. हे बोललेलं कुणीतरी वहीत उतरवून ठेवा. तान्ह्याला मोठेपणी आई कळेल ती याच वहीतून.

तान्हं असेल तर

याला उद्या चालत नाही, आजच करायचं. बाळाला साखरपाणी, मध, पाणी घातलेलं गाई-शेळीचं दूध देऊ नका. डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध सुरू करा, डब्यावरच्या मापानेच, उकळून गार केलेल्या पाण्यात. पुरावं म्हणून पातळ करायचं नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, कारण ते नीट उकळता येतं. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर मोठ्या रुग्णालयात मातृदुग्धपेढी आहे का विचारा. मुंबईत शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे, आता इतरही शहरांत आहेत.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी यायचं असतं. आई नाही म्हणून या फेऱ्या थांबत नाहीत. लसीकरणाचं कार्ड शोधून एका ठिकाणी ठेवा, ते बहुधा तिच्या पर्समध्ये किंवा तांदळाच्या डब्यामागे असतं.

मूल नसलेल्या नातेवाइकाने ‘आम्हाला द्या’ म्हटलं तर त्या आठवड्यात हो-नाही काहीच म्हणू नका. १९५६चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही, त्यामुळे स्टॅम्प पेपरवरचं दत्तकपत्र कामाचं नाही. दत्तक द्यायचंच असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या रीतसर मार्गाने. नुसतं सांभाळायला नेणं वेगळं, तेही बापाच्या पूर्ण संमतीने आणि भावंडांची भेट ठरवून.

दुसरा आठवडा ते तिसरा महिना

पहिले आठ दिवस शेजारपाजारचं पिठलं-भाकरी येतं, इतकं की भाकरी वाळून जातात. महिला मंडळाने इथे शहाणपण करावं: पहिल्या आठवड्यात आपण थांबावं आणि दहाव्या दिवसापासून पाळी लावावी. वाराप्रमाणे वही करा. सोमवारी कुणी संध्याकाळचा स्वयंपाक, मंगळवारी कुणी कपडे, बुधवारी अंगणवाडीतून पोर आणणं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. सासूला किंवा नवऱ्याला सांगता येत नाही, आणि काय लागतं हेच त्यांना ठाऊक नसतं, कारण ते सगळं तीच बघत होती. पोराला डबा कोणत्या झाकणाचा आवडतो, जंताचं औषध कधी दिलं, गॅसची टाकी कुणाच्या नावावर, शाळेची फी भरली का. पहिल्याच रविवारी सासू, मावशी आणि थोरलं पोर यांना बसवून हे सगळं लिहून काढा.

थोरलीवर नजर ठेवा. दहा-बारा वर्षांची मुलगी न सांगता चुलीपुढे बसते, धाकट्याला कडेवर घेते, आणि सगळे म्हणतात किती समजूतदार. महिन्याभरात तिची शाळा सुटते. मंडळाच्या वहीत तिच्या नावाचं एकही काम नसावं. वर्गशिक्षकांना भेटून सांगून या, हजेरी त्यांनी कळवावी.

बापाबद्दल. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. पुरुषांनी संध्याकाळी जाऊन बसावं, शेतात सोबत जावं, बाजाराला न्यावं. दारू वाढतेय असं दिसलं तर पाळकसाहेबांच्या आधी त्याच्या जवळच्या मित्राने बोलावं. झोप नाही, जेवण नाही, ‘मी पण जातो’ असं बोलला तर लगेच डॉक्टर. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत.

पैशाचं आणि कागदाचं

तिची बँकेची पासबुकं काढा आणि नोंदी वाचा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर सुरक्षा विमा, तो अपघातासाठी. बचत गटाच्या खात्यातूनही असा हप्ता गेलेला असतो, अध्यक्षांना विचारा. शेतकरी कुटुंबात सर्पदंश, बुडणे, वाहन अपघात असं काही असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांच्या आत.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेल्या मुलालाही ती मिळू शकते, दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. बापाचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक खातं एवढी तयारी ठेवा.

तिचा मोबाइल नंबर किमान वर्षभर रिचार्ज करत राहा. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, आणि बंद पडला की काही महिन्यांत कंपनी तो दुसऱ्याला देते. तिचे आवाजाचे मेसेज आधी दुसऱ्या फोनवर उतरवून घ्या.

दागिन्यांवरून नाती तुटतात. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बाईच्या मालमत्तेला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो: एक तृतीयांश नवऱ्याला, दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे मंगळसूत्रापासून गंठणापर्यंत सगळ्यात लेकरांचा वाटा आहे. यादी करा, दोन्हीकडच्या सह्या घ्या, लॉकरमध्ये ठेवा. जावेने ‘आठवण म्हणून’ नेलेलं परत येत नाही.

साड्या मात्र घाईने वाटू नका. एखादी न धुतलेली तशीच पिशवीत बांधून ठेवा, लेकरं वासाने झोपतात. चार-पाच जुन्या मऊ साड्यांची लेकरागणिक एकेक गोधडी शिवून द्या. महिला मंडळाला बसून करता येण्यासारखं याहून चांगलं काम नाही.

वर्षातले अवघड दिवस

मे महिन्यातला दुसरा रविवार सगळ्यात वाईट. चर्चमध्ये मातृदिन होतो, संडे स्कूलची मुलं पुढे येऊन आईला फूल देतात. ज्यांना आई नाही ती मागच्या बाकावर बसलेली असतात. संडे स्कूलच्या ताईंनी त्या घरी आठवडाभर आधी जावं आणि लेकराला विचारावं, फूल कुणाला द्यायचंय. आजीला, आत्याला, कबरीवर, किंवा यायचंच नाही. चारही उत्तरं ठीक.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे आपण दफनभूमीत उपासना करतो, मेणबत्त्या आणि फुलं घेऊन. त्या घरातलं कुणी उठलं नसेल तर दारात जाऊन हाक मारा, सोबत न्या. कॅथलिक घरांत हेच २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी. नाताळात फराळ करायचा की नाही हे घरच्यांनी ठरवावं, पण लेकरांना नवे कपडे हवेत. तारा टांगायला दोन पोरं पाठवा.

कबर पक्की बांधायची घाई नको. काळी माती एक पावसाळा पिऊन खचते आणि बांधकामाला तडे जातात. पहिलं वर्ष लाकडी क्रूस पुरे. नंतर फरशी बसवताना तिचं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत असावं, ‘अमक्याची पत्नी’ त्याखाली. आईबापाचं नाव घालायचं का, हे माहेरला विचारा.

दुसऱ्या लग्नाची गोष्ट

महिन्याच्या आतच कुणीतरी विषय काढतं, ‘लेकरांसाठी तरी’. धाकटी मेहुणी लग्नाची असेल तर तिच्याकडे बघून बोललं जातं, आणि बहिणीचं दुःख करायचं सोडून ती पोरगी घाबरून बसते. पंचांनी आणि पाळकसाहेबांनी हे पहिलं वर्षभर कुणाच्या तोंडून निघू देऊ नये. त्यानंतर तो बघेल, त्याचा निर्णय. मेहुणीला विचारायचंच झालं तर तिला एकटीला, आईबाप समोर नसताना, आणि नाही म्हणायची पूर्ण मोकळीक ठेवून.

लग्न ठरलं तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या, नव्या नवरीसमोर. पहिलीचा फोटो भिंतीवर राहणार. लेकरांना सुट्टीत आजोळी पाठवायचं, आणि आजोळची माणसं या घरी येणार. लेकरं नवीला काय हाक मारतील हे लेकरं ठरवतील. याला जिची तयारी आहे, तिला महिला मंडळाने पहिल्या दिवसापासून आपल्यात घ्यावं. कामाची वही तेव्हाही लगेच बंद करू नका. सगळी लेकरं नवीच्या गळ्यात टाकून मंडळी मोकळी झाली, असं व्हायला नको.